शांत व अभ्यासू

कॉलेजच्या वसतिगृहाच्या अर्जात शेवटून दुसरा रकाना होता : 'विद्यार्थ्याचा स्वभाव व सवयी'. स्वभाव माझा, पण अर्ज अण्णांनी भरला. सही सोडून सगळं त्यांनीच. त्यांनी पेन झटकलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'शांत व अभ्यासू. पहाटे उठतो.' मी त्यांच्याकडे पाहिलं. ते अर्जाकडेच बघत राहिले.

हे 2008 सालचं. अंबाजोगाईहून रात्रभर एसटीत बसून आम्ही शिवाजीनगरला उतरलो होतो (वाकडेवाडीचा स्टँड फार नंतरचा). अण्णांच्या पिशवीत गुणपत्रिकांच्या दहा-दहा झेरॉक्स, आईने दिलेले धपाटे आणि सुताराकडचा असतो तसा एक मोजायचा टेप होता. टेप कशाला, हे विचारायची हिंमत मी केली नाही.

यादी लागली तेव्हा माझा नंबर वेटिंगला एक्केचाळिसावा. यादीतली पोरं माझ्याहून शांत होती का, देव जाणे. मार्क मात्र भरपूर होते. मग उरलं ते पुण्याचं सनातन 'कॉट बेसिस'. म्हणजे खोली भाड्याने मिळत नाही, खाट मिळते. सहा बाय अडीच फूट एवढंच पुणं तुमचं. खाटेखालची पेटी तुमची, खिडकी मालकाची आणि पंख्याखालची जागा ज्येष्ठतेनुसार.

पेरूगेटाजवळच्या खांबांवर चिकटवलेले कागद वाचत आम्ही निघालो. 'फक्त विद्यार्थी. शाकाहारी. निर्व्यसनी.' तिसऱ्या शब्दाशी अण्णांचा हात आपोआप वरच्या खिशावर गेला. त्यात चुन्याची डबी होती.

पहिली जागा शनिवार पेठेतल्या वाड्यात. मालक आजोबांनी आधी आम्हाला उभंच ठेवलं.

"पुण्यात मित्र किती?"

"एकही नाही," मी म्हणालो.

"उत्तम."

मग रात्री दहाला दिवे बंद, दाराची कडी वाजवायची नाही, पाहुणा आणायचा नाही, अशी आचारसंहिता झाली. एवढं सांगून आजोबा खुलले आणि भिंतीकडे बोट करून म्हणाले, "12 जुलै 1961. पानशेत फुटलं तेव्हा पाणी इथपर्यंत होतं." ते 'इथपर्यंत' अण्णांच्या टोपीच्याही वर हातभर होतं. आमच्याकडे टँकर आला की गल्लीत सण असतो. अण्णा त्या भिंतीकडे बराच वेळ आदराने बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "आता किती वेळ येतं?"

"आता? सकाळी तासभर."

तेव्हा पिशवीतून टेप निघाला. खाट भरली साडेपाच फूट, मी पाच फूट दहा इंच. आजोबा शांतपणे म्हणाले, "पाय दुमडून झोपायची सवय लागते हो." टेप सटकन आत गेला.

दुसरी जागा कर्वेनगरला, सहा पोरांचा फ्लॅट. दार उघडणारा टॉवेलवर होता. सकाळचे साडेअकरा वाजलेले, चौघं झोपलेले. भिंतीवर झाडू मारायच्या पाळ्यांचा तक्ता होता आणि त्यातलं प्रत्येक नाव खोडून वर दुसऱ्याचं लिहिलेलं. कोपऱ्यात दोनच तारांची गिटार, फरशीवर चहाच्या कपांची गोल गोल नक्षी. खरं सांगतो, दारातच मला घरी आल्यासारखं वाटलं. माझ्या व्यक्तिमत्त्वाला इतकी चपखल बसणारी जागा त्यानंतर आजवर पाहिलेली नाही. अण्णांनी टॉवेलवाल्याला विचारलं, "अभ्यास कधी करता?" तो बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "सबमिशनच्या आदल्या रात्री." तिथे टेप पिशवीबाहेरही आला नाही.

तिसरी, सदाशिव पेठेत काकूंकडे. चार खाटा, त्यातल्या तीन खाटांवर एमपीएससी करणारी दादा लोकं. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, शेजारी पहाटे चारपासून रात्री नऊपर्यंतचं वेळापत्रक. अण्णांचा चेहरा देवळात गेल्यासारखा झाला. खाट सहा फूट एक इंच. भाडं अकराशे, डिपॉझिट तीन हजार. पाणी दोन तास. अण्णांनी नोटा दोनदा मोजल्या आणि गावी गेले.

माझी खाट दाराशी, बाथरूमसमोर का रिकामी होती, ते दुसऱ्या दिवशी पहाटे समजलं. चार वाजता, चार दहाला आणि सव्वाचारला तीन नोकिया वाजले, तिघांची रिंगटोन एकच. मग माझ्या उशाशी बादल्यांची रांग लागली. अंघोळी उरकल्या की पाठांतर. दादा लोकं मनात वाचत नसत. दार ते खिडकी येरझाऱ्या घालत मोठ्याने घोकत. मी पांघरुणात डोकं खुपसून एम-वनची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणिताची, सूत्रं आठवायचा प्रयत्न करायचो आणि कानात शिरायचं, "त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, 1992, पंचायत राज!" साडेसहाला तिघं अभ्यासिकेत गेले की खोलीत जी काही शांतता पसरायची, तिचा मान राखून मी झोपायचो. कॉलेज दुपारचं असतं, अशी काकूंची कित्येक महिने समजूत होती. मेसच्या कार्डावर सकाळचे माझे खाडे इतके साठले की मेसवाल्या मावशींनी एकदा संध्याकाळी डोक्याला हात लावून ताप बघितला.

एम-वन राहिला. अण्णांना फोनवर सांगितलं, तर पलीकडे बराच वेळ नुसती एसटी स्टँडवरची घोषणा ऐकू आली. मग म्हणाले, "पाणी नीट येतंय ना?"

पुढच्या जूनमध्ये एक खाट रिकामी झाली आणि एक गृहस्थ मुलाला घेऊन जागा बघायला आले. मी त्या प्रसंगाला हजर होतो, पण झोपेत. त्यामुळे पुढचं काकूंच्या तोंडून ऐकलेलं. सकाळचे अकरा वाजले होते. गृहस्थांनी पाण्याची वेळ विचारली, नकाशा बघितला, मग माझ्या पांघरुणाकडे वळून म्हणाले, "हे कोण?"

"हा होय? अगदी शांत मुलगा," काकू म्हणाल्या. "दुपारपर्यंत तर आवाजसुद्धा येत नाही."

"आणि अभ्यासाला?"

काकू खोटं बोलत नाहीत, म्हणून त्या जरा थांबल्या. तेवढ्यात मी म्हणे कूस बदलली आणि डोळे न उघडता, खणखणीत आवाजात म्हणालो, "त्र्याहत्तरावी! पंचायत राज!"

त्या गृहस्थांनी उभ्या उभ्या डिपॉझिट काढून दिलं.