बाळ सिटिझन, म्हणून आईबापांची सोय?

काका, नमस्कार.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पुतण्याला न्यू जर्सीत मुलगी झाली, ती जन्मतः अमेरिकन, म्हणजे आईबापांचं ग्रीनकार्ड झाल्यातच जमा, आणि मी 'बाळामुळे आईबापांना काहीही मिळत नाही' असं लिहून लोकांना उगाच घाबरवते.

'काहीही' हा शब्द चुकला, मान्य. मिळतं, पण लेक २१ वर्षांची झाल्यावर. तेव्हा ती आईवडिलांसाठी अर्ज करू शकते आणि त्या अर्जाला वार्षिक कोटाही नसतो. तोवर पुतण्या त्याच्या एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आणि सूनबाई एच-फोरवर, म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर.

आमची लेक अकरा दिवसांची असताना पासपोर्टच्या फोटोसाठी तिला पांढऱ्या चादरीवर निजवली होती. मान कलायची, मूठ तोंडात जायची. चाळीसेक फोटोंत एक धड आला. निळा पासपोर्ट घरी आला तेव्हा बाळंतपणाला आलेल्या सासूबाईंनी तो देवापुढे ठेवून कुंकू लावलं! लेक तीन महिन्यांची झाली आणि नवऱ्याची नोकरी गेली. नवी नोकरी शोधायला, नाहीतर देश सोडायला हातात साठ दिवस. घरात या देशात राहायचा हक्क एकटीचाच, आणि तिला अजून पालथंही पडता येत नव्हतं. बावन्नाव्या दिवशी नव्या कंपनीने अर्ज दाखल केला, तोवर अर्ध्या बॅगा भरून झाल्या होत्या.

'कोर्टात जाऊन थांबता येतं' हेही तुम्ही लिहिलंय. येतं, पण त्यासाठी आधी हद्दपारीच्या खटल्यात उभं राहावं लागतं. देशात सलग दहा वर्षं काढलेली हवीत, वर्तन चांगलं हवं आणि आपल्या जाण्याने मुलाचे अगदी असाधारण हाल होतील हे न्यायाधीशाला पटवावं लागतं. शाळा बदलेल, भाषा येत नाही, एवढ्याने भागत नाही. वर्षाला अशी फार तर ४,००० प्रकरणं मंजूर होतात. पुतण्याने त्या वाटेला जायची वेळ येऊ नये.

तुम्ही ऐकलंय ते ब्राझीलचं तर नसेल? तिथे जन्मलेल्या बाळाच्या परदेशी आईबापांना लगेच राहण्याचा परवाना मागता येतो, आणि नागरिकत्वासाठी चार वर्षांऐवजी एकच वर्ष पुरतं. अमेरिकेत उलटी हवा आहे. ट्रम्प यांच्या जानेवारी २०२५ च्या आदेशात तर एच-वन-बीवाल्यांच्या बाळांचं नागरिकत्वच नाकारलं होतं. कोर्टांनी तो लागू होण्याआधी अडवला.

मी वकील नाही हे तुम्ही बरोबर लिहिलंत. पण पुतण्याला एवढं विचारा: कंपनीने आय-१४०, म्हणजे त्याच्या ग्रीनकार्डासाठीचा कंपनीचा अर्ज, भरलाय का, मंजूर झालाय का? तो मंजूर असला तर सहा वर्षांनंतरही एच-वन-बी वाढत राहतो आणि ग्रीनकार्डाच्या रांगेतली तारीख सहसा नव्या कंपनीतही टिकते. आणि बाळाचं ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारतात राहू देणारं कार्ड, काढलंय का? परतायची वेळ आलीच, तर भारतात परदेशी ठरणारी त्या घरात तीच एकटी असेल.