‘मन करा रे प्रसन्न’ आणि माझी चूक : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

(तुम्ही ‘ऐकून ऐकून कंटाळलो’ असं लिहिलंय, पण आपल्या कोल्हापुरात बायकाही तसंच बोलतात. पुढं सासूबाई आल्या म्हणून ताई म्हणतोय. चुकलं तर सांगा.)

तुमची तक्रार अशी : अकरा वर्षं संधिवात आहे, सकाळी चहाचा कप धरवत नाही, आणि मी ‘स्वस्थ’ या शब्दावर लिहिताना तुकोबांचा अभंग औषधाच्या चिठ्ठीसारखा जोडून दिला. मग जे बरे होत नाहीत त्यांचं मन कमी पडतं का? शिवाय जुने ग्रंथ शेवटी रोग्याच्याच कर्मावर येतात. वर सासूबाईंचं पालुपद, टेंबलाई देवीची टेकडी पायी चढ, गुण येईल.

पहिला मुद्दा मान्य. अभंग पुन्हा वाचला. ‘सर्व सिद्धीचें कारण, मोक्ष अथवा बंधन’. त्यात सांधे नाहीत, ताप नाही, पोटदुखी नाही. तुकोबा बंध-मोक्षाचं बोलतायत, गुडघ्यापर्यंत मी ओढून आणलं. ते वाक्य लेखातून काढलंय.

‘स्वस्थ’ची व्याख्या करणारा जुना वैद्य सुश्रुत, त्याच्याबद्दल मात्र माघार नाही. दोष, अग्नी, धातू, मल सगळं सम असल्याचं सांगून झाल्यावर तो ‘प्रसन्नात्मेन्द्रियमनाः’ म्हणतो, म्हणजे आत्मा, इंद्रियं, मन प्रसन्न असलेला. ती धडधाकट माणसाची खूण आहे, आजाऱ्याला घातलेली अट नव्हे.

आता कर्म. चरकसंहितेत, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, ते आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण तिच्या विमानस्थान या भागाचा तिसरा अध्याय काढा. शिष्य अग्निवेश विचारतो, माणसांची प्रकृती वेगळी, खाणं वेगळं, ताकद वेगळी, वय वेगळं, मग एकाच रोगानं मुलूखच्या मुलूख एकदम कसा ओस पडतो? गुरू आत्रेय सांगतात, वारा, पाणी, जमीन आणि काळ हे चार सगळ्यांत सामाईक, ते नासले की तसं होतं. नासतात अधर्मानं, आणि तो सुरू होतो देश-नगर चालवणाऱ्या प्रमुखांपासून! बोट खाटेकडं न जाता गादीकडं जातं. इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यानं काविळीची साथ आली, तेव्हा हाच अध्याय डोळ्यांपुढं आला होता. तिथं कुणाचा मागचा जन्म उकरणार? त्याच अध्यायात आत्रेय हेही विचारतात की आयुष्य सगळ्यांचं ठरलेलंच असेल, तर औषधपाण्याचं कामच काय.

राहिली श्रद्धा. माझ्या आजीच्या दंडावर देवी काढल्याचे दोन वण होते, रुपयाएवढे, चुरगळल्या कागदासारखे. त्याच हातानं ती आषाढात पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाईला न्यायची. तांबडं गढूळ पाणी, कळशीत कडुलिंबाचा डहाळा, पुढं पी-ढबाक वाजंत्री. रोगाचं नाव देवी, टोचून घ्यायच्या लशीचं नावही देवी. तिला त्यात भांडण दिसत नव्हतं. मला दिसतं, पण तिच्याशी वाद घालून मी एकदाही जिंकलो नाही.

तेव्हा सासूबाईंना एवढं सांगा : आजी नेमाची पक्की, पण गुडघे गेल्यावर शेवटची चार वर्षं ती रिक्षानं गेली. रिक्षा पार वरपर्यंत जाते. कळशी मांडीवर धरायची, आणि वळणावर हिंदकळू नये म्हणून रिक्षावाल्याला दोन शिव्या.