ब्रोकरेज शून्य, म्हणून तोटाही शून्य?

काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, त्याला तीन महिने झाले. रविवारी चहा घेता घेता त्यांनी फोन पुढे केला. “बघ गं, यात खातं काढू का?” मेसेज असा: शून्य ब्रोकरेजचं (दलाली न घेणारं) अ‍ॅप घ्या, ऑप्शनमध्ये (ठरलेल्या भावाने शेअर घेण्या-विकण्याच्या मुदतबंद हक्काच्या सौद्यात) तोट्याचं कारणच उरत नाही, ब्रोकर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदलेला आहे, पैसे सुरक्षित, ट्रेड जमत नसेल तर लॉगिन ‘आमच्या टीमला’ द्या. सोसायटीच्या ग्रुपवर हाच मेसेज मी दोनदा सोडून दिला होता. चुकलंच.

मेसेजचं पहिलं वाक्य लिहिणाऱ्याने कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरकडून येणारं सौद्याचं बिल, कधी उघडलेली दिसत नाही. काकांना वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. बरेच डिस्काउंट (कमी दलालीवाले) ब्रोकर ऑप्शनच्या ऑर्डरमागे २० रुपये घेतात. घेतला-विकला, झाले ४०. १८ टक्के जीएसटी धरून ४७ रुपये २० पैसे. ब्रोकरेज माफ म्हणजे वाचले ते एवढेच. एसटीटी हा सौद्यावरचा कर, स्टॅम्प ड्युटी कुणाला सुटत नाही. आता ६,५०० रुपये मोजून घेतलेला कॉल (खरेदीचा हक्क देणारा ऑप्शन) दुपारी ५,०००वर आला, तर दीड हजार गेले. बाजार जागचा हलला नाही तरी एक्सपायरी, म्हणजे मुदत संपायची तारीख, जवळ आली की प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, झिजतोच, त्याला ब्रोकर काय करणार?

सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल वाचा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणारे वैयक्तिक ट्रेडर एक कोटीहून जास्त, त्यातले ९३ टक्के तोट्यात. खर्च धरून माणशी सरासरी सुमारे २ लाख. बरं, खर्च कमी असावा हे मान्य. त्याच अहवालात २०२३-२४ मध्ये माणशी सरासरी २६,००० रुपये नुसत्या व्यवहारखर्चात गेलेत. पण स्वस्त पडतंय म्हणून दिवसाला वीस सौदे केले, तर ते वाचलेले पैसे कुठे राहतात?

ब्रोकरची नोंदणी हवीच. पण कार्वी ही ब्रोकर कंपनीही नोंदणीकृतच होती, आणि २०१९ मध्ये तिने ग्राहकांचे शेअर गहाण टाकल्याचं उघड झालं. पुढे नियम कडक झाले; तरी आपले शेअर ज्यांच्याकडे जमा असतात त्या सीडीएसएल-एनएसडीएलचं स्टेटमेंट दर महिन्याला आपण उघडायचं.

राहिलं लॉगिन. काकांना विचारलं, “ड्यूटीवर तिकिटाची पेटी कधी दुसऱ्याच्या हाती दिलीत?”

“वेडी का काय? हिशेब मला द्यावा लागायचा!” म्हणाले, आणि चष्मा काढून मेसेज पुन्हा वाचायला लागले.