गोळ्यांची पंगत

प्रतिकारशक्ती वाढवायला आधी वेळापत्रक पाळायची शक्ती लागते, कारण या गोळ्या एका पंगतीत बसतच नाहीत.

झिंकचंच घ्या. उपाशीपोटी घेतलं की मळमळतं. जेवणासोबत घ्यावं तर आपल्या सोलापुरी ताटात कडक भाकरी आणि शेंगा चटणी. ज्वारी-शेंगदाण्यातलं फायटेट झिंकला आतड्यातच धरून ठेवतं. म्हणून मी ते जेवणानंतर दोन तासांनी, केळ्यासोबत बसवलंय. पन्नास मिलिग्रॅमची गोळी मात्र मनानेच महिनोन्‌महिने चालू ठेवू नये. मोठ्यांची कमाल मर्यादा दिवसाला ४० आहे आणि जादा झिंक तांब्याला शरीरात शिरू देत नाही.

डी-३ चं, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं, नेमकं उलटं. त्याला तेल हवं, म्हणजे तीच शेंगा चटणी, तेल जरा सढळ हाताने. ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे, तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच. काही जण ते रोज घेतात. मग रक्तात कॅल्शियम चढतं. उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान. आता मे महिन्यात सोलापुरात तहान लागली म्हणून कुणाला संशय येणार? पारा ४४ ला टेकतो, तोंडाला स्कार्फ बांधून आपण मेडिकलमध्ये शिरतो आणि उन्हाचं जीवनसत्त्व पैसे मोजून आणतो.

क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी पोरं लिमलेटसारखी खातात. पुरुषाला दिवसाला लागतं ८०च्या आसपास, एका पेरूत भागतं. उरलेलं बरंचसं लघवीवाटे जातं. २००० च्या पुढे गेलात तर पोट बिघडतं, मुतखड्याची सवय असलेल्यांनी तर लांबच राहावं. सर्दी सुरू झाल्यावर ती गोळी शोधण्यात फारसा अर्थ नाही. रोज घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर आवरते, इतकंच.

गुळवेलीच्या काढ्याबद्दल मी जपूनच बोलतो. ती घेणाऱ्या काहींच्या यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली आहे. सुंठ-मिरी-लवंगेचा काढा त्या मानाने साधा, पण उन्हाळ्यात दिवसाला तीन कप म्हणजे छातीत भट्टीच.

लोह चहाशी बोलत नाही, कॅल्शियमशीही नाही. त्याला दोघांपासून दोन-दोन तास लांब बसवलंय. रात्री साडेनऊची एक जागा रिकामी होती, तिथे काढ्याच्या जळजळीवरची गोळी आली. ती पोटातलं आम्ल कमी करते, आणि आम्ल कमी झालं की लोह नीट शोषलं जात नाही. ते पुन्हा रुसलंय.