बांबूतली विडी

आमच्या सोसायटीच्या फलकावर सध्या एक सूचना लावलेली आहे : ‘तळमजल्यावरील बागेत टांगलेल्या बांबूंमध्ये विड्या लपवून ठेवल्याचे आढळून आले आहे. संबंधित सभासदाने याची गंभीर नोंद घ्यावी.’ तळमजल्यावर बाग असलेला सभासद मी एकटाच असल्यामुळे सगळ्या इमारतीने नोंद माझीच घेतली आहे. मी जन्मात विडी ओढलेली नाही. तरीही दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी परवा जिन्यात भेटल्या, तेव्हा त्यांनी माझ्या पत्नीचा हात हातात घेऊन ‘ओव्याचा अर्क देऊन बघा’ असे सांगितले.

त्या विड्या म्हणजे एकांड्या मधमाश्यांची घरटी होती. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक पोळे, राणी, कामकरी या संसाराच्या भानगडीत न पडता एकेकट्या राहतात. त्यांतली पाने कापणारी एक माशी आमच्या गुलाबावर येऊ लागली, म्हणून मी सहा ते दहा मिलीमीटर पोकळी असलेले बांबू वीतभर लांबीचे कापून, प्रत्येकाची एका बाजूची गाठ राखून, त्यांची मोळी पूर्वेकडच्या भिंतीला छज्ज्याखाली टांगली. सकाळचे ऊन मिळावे आणि आपल्याकडचा नैर्ऋत्येचा पाऊस लागू नये, एवढाच त्यामागचा विचार. माश्या आल्या, त्यांनी नळ्या भरल्या, तोंडे हिरव्या चकत्यांनी बंद केली. येथपर्यंत सगळे सुरळीत होते. त्यानंतर अण्णा आले.

अण्णा तिसऱ्या मजल्यावर राहतात. सहकार खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी आमच्या सोसायटीला आदर्श सोसायटी करण्याचा वसा घेतलेला आहे. सकाळी फिरून येताना आवारातील प्रत्येक झाकण, नळ आणि खिळा ते छत्रीच्या टोकाने तपासतात. त्या सकाळी त्यांना बांबूच्या तोंडात पानाची गुंडाळी दिसली आणि छत्रीच्या एका तुटक्या काडीने त्यांनी ती अलगद ओढून काढली. एक निघाल्यावर माणसाने थांबायला हवे होते. अण्णांनी तीन काढल्या, त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या, पिशवीवर तारीख टाकली आणि संध्याकाळी सोसायटीच्या कार्यालयात मुद्देमाल म्हणून टेबलावर मांडल्या. माझ्याबरोबर वॉचमनलाही बोलावले होते, कारण विड्यांचा खरा मालक तोच आणि मी त्याला आसरा देणारा, असा अण्णांचा तर्क होता.

वॉचमनने पिशवी उजेडात धरून पाहिली. ‘साहेब, विडीला दोरा असतो,’ तो म्हणाला. ‘आणि हे तेंदूचं पान नाही, गुलाबाचं आहे. शिवाय मी तंबाखू खातो.’ त्या संध्याकाळी त्या खोलीत झालेले हे एकमेव शहाणपणाचे निवेदन होते आणि इतिवृत्तात नेमके तेवढेच आलेले नाही.

मी एक गुंडाळी हातावर घेऊन उलगडून दाखवली. बाजूच्या भिंतींना लांबट तुकडे, एकावर एक असे अनेक थर दिलेले. झाकणाला मात्र बिनचूक गोल चकत्या, कंपासने आखल्यासारख्या. आत पिवळाधमक, ओलसर परागाचा गोळा, त्यात थोडा मकरंद कालवलेला, आणि त्यावर साबुदाण्याहूनही लहान, पांढरे, किंचित वाकलेले अंडे. हे सगळे एकटी माशी करते. पोटाखालच्या केसांत पराग भरून आणायचा, पान जबड्याने कापून, पायांत धरून उडत न्यायचे, कोठडी भरायची, अंडे घालायचे, झाकण लावायचे आणि पुढची कोठडी सुरू करायची. तिचे आयुष्य काही आठवड्यांचे. पिल्लू बाहेर येईल तेव्हा ती बहुधा नसतेच.

अण्णांनी हे लक्षपूर्वक ऐकले, तर्जनीचे टोक परागाच्या गोळ्यात बुडवले आणि जिभेला लावले.

‘आंबट आहे,’ ते म्हणाले. ‘मध कुठे आहे?’

‘या माश्या मध साठवत नाहीत, अण्णा.’

‘मग तुम्ही त्या पाळता कशासाठी?’

‘मी पाळत नाही. त्या येऊन राहतात.’

येथे माझी जीभ घसरली, कारण ‘राहतात’ हे क्रियापद ऐकताच अण्णांनी चष्मा पुसला. जागा सभासदाची आणि राहणारा दुसराच कोणी, म्हणजे बिनभोगवटा शुल्क आले. १ ऑगस्ट २००१चा शासन निर्णय त्यांना तोंडपाठ आहे : सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत. ‘पण बांबू म्हणजे सदनिका नव्हे,’ मी म्हणालो. ‘दार आहे, भिंती आहेत, झाकण आहे, असं तुम्हीच आत्ता सांगितलंत,’ अण्णा म्हणाले. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात दिली आहे का, हेही त्यांनी विचारून घेतले. मग माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. आवाज खाली आणून त्यांनी पळवाट सुचवली : ‘जवळचे नातेवाईक राहत असतील, तर शुल्क माफ आहे. तसं लावता येतंय का बघा.’

मी विषय बदलण्यासाठी त्यांना सांगितले की, ही माशी नळीच्या आतल्या टोकाकडे मादीची अंडी घालते आणि तोंडाकडे नराची. नर आधी बाहेर पडतात आणि माद्यांची वाट पाहत दाराशी घुटमळतात. अण्णा गप्प झाले. काही वेळाने त्यांनी पिशवीकडे पाहिले.

‘म्हणजे मी काढले ते सगळे मुलगेच?’

‘बहुतेक.’

‘अरेरे,’ अण्णा म्हणाले. एवढ्या बैठकीत खेद म्हणून जो काही व्यक्त झाला, तो हा. आत मुली असत्या तर काय म्हणाले असते, हा प्रश्न मी विचारला नाही. तो अजूनही मला डाचतो.

मधाचा हा हिशेब अण्णांपुरता असता, तर मी सोडून दिला असता. पुण्यात १९६२पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ झाले, आणि या दोन्हींचा मला अभिमान आहे. परंतु मधमाशी म्हटली की बाटली डोळ्यांसमोर येणे हा आपला सार्वजनिक स्वभाव झाला आहे. माझ्या कुंड्यांतली वांगी अण्णांच्या घरी भरतासाठी नियमित जातात. वांग्याच्या फुलातला पराग नळीसारख्या पुंकेसरात कोंडलेला असतो. तो काढायला फूल घट्ट धरून छातीचे स्नायू थरथरवावे लागतात. पोळ्यातल्या मधमाशीला ती कला येत नाही. निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी ती करते, भुंगा करतो. त्यामुळे फळ चांगले धरते. भरीत खाणाऱ्याने हे जाणून घ्यावेच असे नाही. निदान छत्रीची काडी तरी खाली ठेवावी.

जाणकारांनीही काही कमी छळ केलेला नाही. मोळी टांगण्यापूर्वी मी वाचलेल्या सूचना अमेरिकेतल्या आणि विलायतेतल्या बागांसाठी लिहिलेल्या होत्या. त्यांत, शरद ऋतूत कोश काढून वसंतापर्यंत फ्रिजमध्ये ठेवावेत, असा सल्ला होता. तिकडच्या वर्षाला एकदाच निपजणाऱ्या माश्यांसाठी तो योग्यच आहे; पुण्यात, जिथे माश्यांची वर्षातून एकाहून अधिक पिढ्यांची ये-जा चालते, तो प्रस्ताव मी पत्नीपुढे मांडला तेव्हा तिने फ्रिजचे दार उघडून, श्रीखंडाचा डबा, इडलीचे पीठ आणि आईची इन्शुलिनची पेन दाखवून ते बंद केले. ऑनलाइन विकत मिळणाऱ्या ‘मधमाश्यांच्या हॉटेला’बद्दल तर बोलायलाच नको. उतरते छप्पर, हृदयाच्या आकाराची खिडकी, मधोमध पाइनची सुकी फळे कोंबलेली. नळ्या दोन्ही बाजूंनी उघड्या आणि सरसाने पक्क्या चिकटवलेल्या, म्हणजे बुरशी आणि परजीवी लागले तरी बदलण्याची सोय नाही. माझ्या मोळीतल्या काही नळ्यांना मातीचे लिंपण आहे. ती घरे माश्यांची नसून गांधीलमाश्यांच्या गोतातल्या कुंभारणींची आहेत, आणि आत परागाऐवजी बधिर केलेल्या जिवंत अळ्या आहेत. अण्णांनी त्यांतली एखादी चाखली नाही, हे त्यांचे नशीब.

चावतात का, हा प्रश्न सगळेच विचारतात. रक्षण करायला पोळे नसल्यामुळे या माश्या सहसा अंगावर येत नाहीत, चिमटीत धरल्या तरच मादी नांगी मारते, आणि नराला नांगीच नसते. हे मी कार्यालयात लेखी दिले आहे. विड्यांची सूचना काढावी, अशी विनंतीही त्यातच केली होती. सूचना काढायला कार्यकारिणीचा ठराव लागतो, असे उत्तर आले. ती लावायला कोणता ठराव झाला होता, याचे उत्तर आलेले नाही.

उलट काल अण्णांचेच पत्र आले. माझ्या बागेतील एक भुंगा विनापरवानगी तिसऱ्या मजल्यावर स्थलांतरित झाला असून त्यांच्या कपडे वाळत घालायच्या बांबूत त्याने भोक पाडले आहे, त्याचा भुसा दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या गोधडीवर पडतो, तरी आपला भुंगा परत न्यावा. मी वर जाऊन पाहिले. बोटभर रुंदीचे गोल भोक, कडा तासून काढल्यासारखी गुळगुळीत, आतून कुरकुर आवाज. कोरडे लाकूड पोखरणारा भ्रमर कमळाच्या कोवळ्या कळीत कसा अडकतो, हा दृष्टान्त अण्णांनी उभा जन्म कीर्तनात माना डोलवत ऐकलेला आहे. तो पोखरण्याचा भाग स्वतःच्या बांबूत चाललेला त्यांना सोसवत नव्हता.

‘लाकूड ती खात नाही,’ मी म्हणालो. ‘मादी आहे, घर करते आहे. बांबू तुमचा, गॅलरी तुमची, तेव्हा भोगवटाही तुमच्याकडचाच.’

अण्णांनी बराच वेळ त्या भोकाकडे पाहिले. मग कानाशी येऊन, खालच्या आवाजात त्यांनी विचारले, ‘जवळची नातेवाईक म्हणून लावता येईल का हो?’

‘लावा की,’ स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. ‘दिवसभर भुणभुण करणारं घरात एक आहेच.’