टायटॅनिक, तीन जहाजं आणि कानावरचा हेडफोन

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी परत तो टायटॅनिकवाला मेसेज टाकला. तुमच्याकडेही आला असणार, दर सहा महिन्यांनी येतोच, शेवटी हात जोडलेले आणि दोन गुलाब. ज्यांचा हुकला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टायटॅनिक बुडत होती तेव्हा म्हणे जवळपास तीन जहाजं होती. पहिलं सॅम्पसन, ७ मैलांवर, त्यांनी पांढरी रॉकेटं पाहिली पण ते चोरून सील मारत होते, पकडले जाऊ म्हणून पळाले. दुसरं कॅलिफोर्नियन, १४ मैलांवर, त्यांनीही पाहिली पण भोवती बर्फ आणि अंधार, कॅप्टन म्हणाला सकाळी बघू. तिसरं कार्पेथिया, ५८ मैलांवर, त्याच्या कॅप्टनने हाक ऐकली, देवाचं नाव घेतलं आणि बर्फातून जहाज दामटून ७०५ जीव वाचवले. मग प्रश्न, तुम्ही यातलं कुठलं जहाज? हल्ली याला एक शेपूटही जोडलेलं असतं, की एसओएस म्हणजे 'सेव्ह अवर सोल्स' आणि तो जगात पहिल्यांदा टायटॅनिकनेच पाठवला.

मामांना तिथल्या तिथे दोन ओळी लिहायला गेलो आणि त्या दोन ओळींचं हे असं झालं.

आधी सॅम्पसन. नाव खरं तर सॅमसन, नॉर्वेचं सील मारणारं लाकडी जहाज, आणि ही कथा आली त्यावरच्याच एका अधिकाऱ्याकडून, की आम्ही रॉकेटं पाहिली आणि निघून गेलो. ती जगभर गाजली १९६२ मध्ये, म्हणजे घटनेनंतर ५० वर्षांनी. पण नंतर आइसलँडमधल्या बंदराच्या नोंदी निघाल्या त्यात हे जहाज ६ एप्रिल १९१२ ला आणि परत २० एप्रिलला आइसलँडच्या वायव्येला इसाफ्योर्दूर बंदरात दिसतं. आता नकाशा घ्या. तिथून टायटॅनिक बुडाली ती जागा सरळ रेषेत मोजली तरी १७०० सागरी मैलांच्या वर. म्हणजे १५ एप्रिलच्या पहाटे टायटॅनिकपासून पळून २० तारखेला परत बंदरात यायचं तर रात्रंदिवस न थांबता १२-१३ नॉटचा (म्हणजे तासाला तितके सागरी मैल) वेग पाहिजे, वाटेत सील मारायला वेळ नाही ते वेगळंच. कार्पेथियासारखी प्रवासी आगबोट नेहमीच्या कामात साधारण १४ नॉटने जायची. शिडं आणि लहानसं इंजिन असलेलं ते लाकडी होडगं तिच्याशी शर्यत लावणार होतं का? तर पहिलं जहाज गेलं. तिघांपैकी जो खलनायक तोच जागेवर नव्हता.

कॅलिफोर्नियनचं मात्र इतक्या झटपट उरकता येत नाही, कारण इथे मेसेज अर्धा खरा आहे, आणि अर्धं खरं निस्तरायला जास्त वेळ लागतो.

रॉकेटं पाहिली हे खरं. सेकंड ऑफिसर स्टोन आणि शिकाऊ पोरगा गिब्सन यांनी आठ पांढरी रॉकेटं पाहिली, कॅप्टन लॉर्ड खाली चार्टरूममध्ये, म्हणजे नकाशांच्या खोलीत, आडवे झाले होते त्यांना बोलायच्या नळीतून कळवलं, त्यांनी विचारलं जहाज कंपनीचे ओळखीचे सिग्नल आहेत का, आणि दिव्याने मोर्स करत राहा म्हणून सांगितलं. 'बर्फ आहे, सकाळी जाऊ' असा निर्णय कुणी घेतलाच नाही, कारण कुणाला मदत पाहिजे आहे हेच जहाजावर कुणी ठरवलं नाही. माझ्या मते हे जास्त वाईट आहे, पण ते मेसेजमधलं नाही. आणि जहाज तिथून हलू शकत होतं, कारण सकाळी बातमी कळल्यावर सहाच्या सुमारास ते निघालं आणि साडेआठच्या आसपास कार्पेथियाजवळ पोचलंसुद्धा. अंतराचं म्हणाल तर १९१२ च्या ब्रिटिश चौकशीने ८ ते १० मैल धरलं, खुद्द लॉर्ड १९-२० म्हणत राहिले, १९९२ च्या ब्रिटिश फेरतपासणीत १७ ते २० आलं. मेसेजमधले १४ यातल्या कुठल्याच आकड्यात बसत नाहीत.

पण खरी गोष्ट आहे वायरलेसच्या खोलीत, आणि मेसेज लिहिणाऱ्याने त्या खोलीचं दारच उघडलेलं नाही.

कॅलिफोर्नियनवर एकच ऑपरेटर, सिरिल इव्हान्स, वय २०. हे लोक जहाज कंपनीचे नसायचे, वायरलेस चालवणाऱ्या मार्कोनी कंपनीचे नोकर, आणि मुख्य काम प्रवाशांच्या तारा पाठवणं, 'सुखरूप आहे, बुधवारी पोचतो' असल्या. जहाज बर्फापाशी थांबल्यावर कॅप्टननेच सांगितलं म्हणून इव्हान्सने अकराच्या सुमारास टायटॅनिकला कळवलं की आम्ही बर्फात अडकून उभे आहोत. टायटॅनिकवरच्या जॅक फिलिप्सने त्याला गप्प बस म्हणून सुनावलं, मी केप रेसशी (न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरचं वायरलेस केंद्र) बोलतोय, कामात आहे. यावर आणखी एक मेसेज फिरतो की फिलिप्सच्या घमेंडीने टायटॅनिक बुडाली. अहो, आदल्या रात्री त्याचं यंत्र बंद पडलं होतं, तो आणि त्याचा जोडीदार ब्राइड दोघांनी तासन्‌तास खपून ते पहाटे चालू केलं, आणि दिवसभर तुंबलेल्या तारांचा ढीग उपसायचं काम चाललं होतं. त्यात कॅलिफोर्नियन इतकं जवळ की त्याची खडखड कानात फटाका फुटावा तशी घुसली असणार, कारण तेव्हाचे ते स्पार्कचे सेट, एकाने तार पाठवायची कळ दाबली की आजूबाजूच्या सगळ्यांच्या कानात घुसणार. इव्हान्सने स्वतः चौकशीत सांगितलं की आम्हा ऑपरेटरांत असं बोलणं चालतं, मला राग आला नाही. चूक झाली ती वेगळी, बर्फाचा निरोप कॅप्टनसाठीचा म्हणून नीट खूण लावून गेला नाही, गप्पा मारल्यासारखा गेला.

सकाळपासून बसलेल्या इव्हान्सने ११:३० नंतर हेडफोन काढला आणि झोपला. टायटॅनिक हिमनगाला घासली ११:४० ला. पहिली मदतीची हाक गेली १२:१५ च्या सुमारास. तेव्हा रात्रभर ऐकत बसायचा कायदाच नव्हता, एकट्या माणसाने बसायचं तरी किती.

आणि याहून चुटपुट लावणारी गोष्ट पुढेच आहे. थर्ड ऑफिसर ग्रोव्ह्ज याला मोर्स शिकायचा नाद होता, मध्यरात्री ड्यूटी संपवून तो इव्हान्सच्या खोलीत आला, झोपेतल्या इव्हान्सला विचारलं कोणती जहाजं आहेत, तो म्हणाला फक्त टायटॅनिक. ग्रोव्ह्जने हेडफोन कानाला लावला. काही ऐकू आलं नाही, त्याने ठेवून दिला. त्या काळच्या रिसीव्हरमध्ये तारेचा पट्टा घड्याळासारख्या चावीवर फिरायचा, चावी उतरली की यंत्र मुकं. चावी उतरलेली होती आणि ग्रोव्ह्जला ते माहीत नव्हतं. दोन-चार वेळा चावी पिळली असती तर... असो. आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळाला रोज चावी द्यायचं काम माझ्याकडे होतं, विसरलो की बोलणी बसायची, म्हणून ही गोष्ट वाचली तेव्हा पोटात खड्डाच पडला.

पुढे पहाटेपर्यंत इव्हान्सला कुणी उठवलं नाही. रॉकेटं दिसताहेत तर त्या पोराला हलवून उठवा, बघू दे काय आहे, एवढं साधं कुणाच्या मनात आलं नाही. लॉर्डवर दोष टाकायचाच तर तो इथे टाका, मी अडवणार नाही.

आता कार्पेथिया. कॅप्टन रॉस्ट्रनबद्दल मी एक शब्द वाईट बोलणार नाही, त्यांनी जे केलं ते केलंच: केबिनचं गरम पाणी बंद करून सगळी वाफ इंजिनाला, पहारेकरी वाढवले, कॉफी आणि ब्लँकेटं तयार, बर्फ चुकवत चुकवत पहाटे चारला हजर. पण 'हाक कॅप्टनने ऐकली' हे खोटं. ऐकली हॅरॉल्ड कॉटमने, वय २१, तोही एकटाच ऑपरेटर, आणि तोही झोपायला निघाला होता! टायटॅनिकची पहिली हाक तर त्याने ऐकलीच नाही, तेव्हा तो ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकतात त्या जागी, गेलेला. परत येऊन कपडे उतरवायला लागला, फक्त एका दुसऱ्या जहाजाच्या उत्तराची वाट बघत होता म्हणून हेडफोन कानावर राहिलेला. मधल्या वेळात म्हटलं टायटॅनिकला सांगावं, अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या केप कॉड केंद्रात तुझ्या तारांचा गठ्ठा पडलाय रे. उत्तर आलं, लगेच या, आम्ही हिमनगाला धडकलोय. हा पळत पळत आधी ब्रिजवर आणि मग थेट कॅप्टनच्या केबिनमध्ये, दार न वाजवता, आणि अंथरुणात पडलेले रॉस्ट्रन आधी वैतागले की हा कोण आत घुसला. मग त्यांनी जहाज वळवायला सांगितलं आणि त्यानंतर कॉटमला विचारलं, नक्की ना?

म्हणजे बघा, इव्हान्स आणि कॉटम, दोघंही विशीतले, दोघंही दमलेले, दोघंही झोपायच्या तयारीत. एकाने हेडफोन काढला होता, दुसऱ्याचा काढायचा राहिला होता. यात माणुसकीचे तीन नमुने कुठून काढणार?

५८ मैल हा आकडाही पूर्ण खरा नाही आणि त्यात थोडी गंमत आहे. टायटॅनिकने कळवलेली जागाच चुकीची होती. फोर्थ ऑफिसर बॉक्सहॉलने घाईत हिशेब केला, तो तारेने जगभर गेला, आणि १९८५ मध्ये अवशेष सापडले तेव्हा कळलं की जहाज त्या जागेच्या १३ मैल आग्नेयेला आहे. माउंट टेंपल नावाचं जहाज सांगितलेल्या जागेजवळ पोचलं, काही सापडलं नाही. कार्पेथिया आग्नेयेकडूनच येत होती, म्हणून चुकीच्या जागेकडे निघूनही वाटेतच होड्यांना भिडली, आणि अंतर दहाएक मैल कमीच पडलं. अंधारात तिला होडी दाखवली ती हिरव्या ज्योतींनी, आणि त्या पेटवत होता तोच बॉक्सहॉल.

हे माउंट टेंपल, शिवाय फ्रँकफर्ट, व्हर्जिनियन, बाल्टिक, खुद्द टायटॅनिकची बहीण ऑलिंपिक, सगळ्यांनी तो संदेश ऐकला होता. तीनच जहाजं नव्हती.

शेपटाचं एका दमात. एसओएसचा लाँगफॉर्म नाही, तीन टिंबं तीन रेघा तीन टिंबं सलग, गोंगाटातही ओळखू यावं म्हणून निवडलं, 'सेव्ह अवर सोल्स' नंतर लोकांनी चिकटवलं. १९०६ च्या बर्लिनच्या परिषदेत ठरलं, १९०८ पासून लागू, आणि १९०९ मध्येच जहाजांनी ते वापरलं होतं. मार्कोनीवाल्यांना मदतीच्या आपल्या जुन्या खुणेची, सीक्यूडीची, सवय, म्हणून फिलिप्सने आधी तेच पाठवलं, मग दोन्ही आलटून पालटून.

कायदा मग बदलला, अमेरिकेने १९१२ मध्येच आणि १९१४ ला लंडनमध्ये बाकीच्या देशांनी, मोठ्या प्रवासी जहाजावर चोवीस तास कुणीतरी ऐकत बसलंच पाहिजे. ज्या बोटीवर वायरलेसचं यंत्रच नाही तिथे काय होतं ते आपल्या लोकांना सांगायला नको: १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट सकाळी उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली, आणि मुंबईला पत्ता लागेपर्यंत दुपार उलटून गेली होती.

फिलिप्स वाचला नाही, नुकताच २५ चा झाला होता. ब्राइड वाचला, पाय थंडीने गेलेले, चालता येईना, तर त्याला उचलून कार्पेथियाच्या वायरलेस खोलीत नेऊन बसवलं, कारण वाचलेल्यांची नावं पाठवायची होती आणि कॉटम एकटा पुरा पडत नव्हता. १८ एप्रिलला रात्री न्यूयॉर्क येईपर्यंत दोघं आळीपाळीने तारेची कळ दाबत होते, ब्राइडचे पाय पट्ट्यांत बांधलेले, आणि त्या रात्री झोपायला निघालेला कॉटम अजून जागाच.