'बाईकवर इअरप्लग म्हणजे आत्महत्या' या मेसेजला माझं उत्तर

गेल्या महिनाभरात हा मेसेज मला चार ग्रुपवर आलाय, एकदा तर सख्ख्या मामेभावानं पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा तू घालतोस ना, वाच जरा." मेसेज थोडक्यात असा आहे: बाईक चालवताना कानात इअरप्लग (आवाज कमी करणारे बोळे) म्हणजे आत्महत्या, कारण हॉर्न आणि ॲम्ब्युलन्स ऐकू येत नाही. हेल्मेट असताना त्याची गरजच नाही. आवाजाचा त्रास बुलेटवाल्यांना, साध्या १२५ सीसीला काय होतंय. कानाला सवय होते. पोलीस पकडतात. आणि प्लगनं कानात बुरशी होऊन पडदा जातो. लोक हे काळजीपोटीच पुढे ढकलतायत हे मला मान्य आहे, पण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकलाय, आणि हे वाचून कोणी प्लग काढून टाकला तर त्याच्या कानाचं जे नुकसान होईल ते परत भरून येणारं नाही, म्हणून वेळ काढून लिहितोय.

मी भोसरीला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मोठ्या मशीननं पत्रा दाबून भाग बनवतात त्या विभागात, मेंटेनन्सला आहे, चौदा वर्षं झाली. गाव कराडजवळ. शनिवारी ड्युटी सुटली की बाईकला किक आणि थेट घर, रविवारी संध्याकाळी परत, एका बाजूला पावणेदोनशे किलोमीटर धरा. प्रेस शॉपमध्ये प्लग घातल्याशिवाय आत पाऊल टाकू देत नाहीत, त्यामुळे केशरी दोरीचे ते फोमचे प्लग माझ्या खिशात कायम असायचे, आणि गेटवर आलो की काढून खिशात टाकायचो आणि उघड्या कानांनी हायवेला लागायचो. अशी नऊ वर्षं.

आधी बुलेटचा मुद्दा घेतो कारण बाकी सगळी गल्लत इथूनच सुरू होते. हायवेवर रायडरच्या कानाला जे मारतं ते इंजिन नाही, वारा आहे. साठच्या पुढे गेलात की हेल्मेटच्या कडांवरून, खालून, व्हायझरच्या फटीतून हवा भोवरे घेत जाते आणि त्याचाच घोंघाट बाकी सगळ्या आवाजांच्या वर चढतो. स्वतः बघा, लांब उतारावर थ्रॉटल सोडल्यावर इंजिन जवळपास गप्प होतं पण कानातला घोंघाट तसाच राहतो, आणि मान जरा खाली घेतली की तो बदलतो, इंजिन तर तेच असतं ना. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकात हेल्मेटच्या आत कानाशी माईक लावून हे मोजलं, तेव्हा ताशी ६० ला साधारण ९० डेसिबल आणि १६० ला ११० च्या आसपास आलं. त्या हिशोबानं ताशी ८० ला, म्हणजे आपल्याकडे चौपदरी हायवेवर बाईकला जेवढी कायदेशीर मर्यादा आहे तेवढ्यालाच, ९५ च्या घरात जातं. गाडी १०० सीसीची असो नाहीतर ६५० ची, वाऱ्याला सीसी कळत नाही, उलट उघड्या छोट्या गाडीवर वारा सरळ छातीवर आणि हेल्मेटवर येतो.

आता ९५ म्हणजे किती ते सांगतो, कारण हा आकडा ऐकून लोक म्हणतात, त्यात काय. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमात आठ तासांच्या शिफ्टला ९० डेसिबल ही मर्यादा आहे. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था त्याहून कडक आहे, ती ८५ ला आठ तास सांगते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते, म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. ९५ ला पाऊण तास. मी कराडपर्यंत साडेतीन-चार तास त्यात बसायचो. म्हणजे शॉपमध्ये प्लगशिवाय आत सोडत नाहीत आणि इथं तसल्याच आवाजात मी स्वतःच्या हौसेनं उघडे कान घेऊन जात होतो.

हेल्मेट आहे की, हा दुसरा मुद्दा. हेल्मेट डोक्यासाठी आहे आणि ते घालायचंच, त्यात वाद नाही. पण आतला तो थर्मोकोलसारखा थर धक्का शोषतो, आवाज नाही. वाऱ्याचा घोंघाट हा जाड, खालच्या पट्टीचा आवाज असतो आणि तसल्या आवाजाला हेल्मेट जवळपास अडवतच नाही, शिवाय तो आवाज मुळात तयारच हेल्मेटमुळे होतोय. २०११ मध्ये ब्रिटनच्या बाथ विद्यापीठातल्या लोकांनी विंड टनेलमध्ये हेल्मेट ठेवून आवाज कुठून येतो ते शोधलं, तर हेल्मेटच्या खालची जागा आणि हनुवटीची पट्टी यांचा त्यात मोठा वाटा निघाला. म्हणून गळ्याशी मफलर किंवा बफ नीट गुंडाळून हनुवटीखालची फट बुजवली की फरक जाणवतो, मी थंडीत ते करतोच. पण तेवढ्यावर भागत नाही.

सवयीचा मुद्दा वाचला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण मीही तेच म्हणायचो. सुरुवातीला गावी पोचलो की दोन-तीन तास कानात सूं आवाज राहायचा, जेवताना आई काय बोलते ते नीट कळायचं नाही, टीव्हीचा आवाज मी वाढवायचो आणि सकाळी उठून लावला की तोच आवाज एकदम मोठा वाटायचा. नंतर नंतर ते जाणवेनासं झालं. मला वाटलं कान तयार झाले.

मग पाच वर्षांपूर्वीची गोष्ट, मुलगी तेव्हा तीन वर्षांची. रात्री ताप आला, मी डिजिटल थर्मामीटर तिच्या काखेत धरून बसलो होतो, बीप वाजेल म्हणून वाट बघत. मिनिट झालं, दोन झाली, मला वाटलं सेल गेला. तेवढ्यात बायको आतल्या खोलीतून म्हणाली, "अहो, कधीचं वाजतंय, बघा ना किती आहे." मी थर्मामीटर कानाजवळ आणला तेव्हा कुठं अगदी बारीक ऐकू आलं. १०२ होता. त्या रात्री ताप उतरला, पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. कंपनीच्या वार्षिक तपासणीत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी झाली तेव्हा आलेखावरची रेघ सरळ चाललेली आणि ४००० हर्ट्झला, म्हणजे बारीक पट्टीच्या आवाजाला, खड्ड्यात गेल्यासारखी खाली, पुढे परत वर. ४००० च्या आसपासचा हा खड्डा आवाजानं झालेल्या इजेची ओळखीची खूण आहे. माझ्याच विभागात, माझ्याइतकीच वर्षं काढलेल्या दोघांचे रिपोर्ट चांगले होते, दोघंही बसनं येणारे. एकट्या माझ्यावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण डॉक्टरांनी विचारलं, "लांब बाईक चालवता का?" आणि मला उत्तर द्यायला वेळ लागला नाही.

सवय म्हणजे काय होतं ते त्यांनी सांगितलं. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो, त्यात प्रत्येक कानाला साधारण १५-१६ हजार केसपेशी असतात, आवाजाच्या लाटेनं त्या हलतात आणि मेंदूला निरोप जातो. आवाज फार झाला की त्या थकतात, म्हणून ते तात्पुरतं बधिरपण आणि सूं. विश्रांती मिळाली तर बऱ्याचशा सावरतात, पण परत परत तेच झालं की मरतात, आणि माणसात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. त्रास कमी जाणवायला लागला याचा अर्थ कान पक्का झाला असा नाही, ऐकणाऱ्या पेशी कमी झाल्या असाही असू शकतो. माझ्या डाव्या कानात आता कायम रातकिडे असतात, गावाकडे पावसाळ्यात रात्री असतात तसे, फक्त ते बारा महिने आणि पुण्यातही.

आता मेसेजचा मुख्य मुद्दा, हॉर्न. याच्यावर जरा थांबून बोलायला हवं कारण भीती खरी आहे.

इअरप्लग घातला की जग मुकं होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी बहुतेक तो घरात बसून घालून बघितलेला असतो. शांत खोलीत घातला तर बारीक आवाज जाणारच. पण हायवेवर तुमच्या कानात आधीच ९५ डेसिबलचा वारा भरलेला आहे आणि हॉर्न ऐकू येणं न येणं हे हॉर्न त्या वाऱ्याच्या वर डोकं काढतो का यावर ठरतं. प्लग दोघांनाही खाली आणतो, वाऱ्यालाही आणि हॉर्नलाही, त्यामुळे दोघांतलं अंतर साधारण तेवढंच राहतं. वरून एवढ्या मोठ्या आवाजात कान स्वतःच गोंधळतो, सगळं एकात एक मिसळतं. गणपती मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर उभे असताना शेजारचा ओरडून काहीतरी सांगतोय आणि कळत नाही, तेव्हा कानात बोटं घालून बघा, डीजे दबतो आणि त्याचे शब्द जास्त सुटे ऐकू येतात. तेच इथं होतं. मी पहिल्यांदा प्लग घालून निघालो तेव्हा शिरवळच्या पुढे मागून येणाऱ्या ट्रकच्या टायरचा आवाज मला वेगळा ऐकू आला, आधी तो कधी कळायचाच नाही, वाऱ्यात मिसळून जायचा. स्वतःच्या चेनची खडखडही तेव्हाच कळली.

आणि प्लग सगळं बंद करतच नाही. पाकिटावर एनआरआर (प्लग किती डेसिबल कमी करतो तो आकडा) २९ असं काहीतरी लिहिलेलं असतं, पण तो लॅबमधला आकडा. कारखान्यात आम्ही हिशोब असा करतो की त्यातून ७ वजा करायचे आणि उरलेल्याचा अर्धा धरायचा, म्हणजे २९ चे ११ राहतात. ९५ तून ११ गेले की ८४, म्हणजे नायॉशच्या आठ तासांच्या ८५ च्या मर्यादेच्या जरा खाली. ट्रकचा हॉर्न आणि ॲम्ब्युलन्सचा सायरन इतक्यानं गायब होत नाहीत. काचा वर करून एसी आणि गाणी लावून बसलेला कारवालाही बाहेरचा आवाज असाच दबलेला ऐकतो, त्याला आत्महत्या करतोय असं कोणी म्हणत नाही. एवढंच कशाला, ऐकू न येणाऱ्या माणसालाही आपल्याकडे लायसन्स मिळतं, दिल्ली हायकोर्टानं २०११ मध्ये तो मार्ग मोकळा केला आणि २०१६ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना कळवलं की गाडी चालवणं हे मुख्यतः नजरेचं काम आहे.

पण जे खरं आहे ते लपवणार नाही. प्लग घातल्यावर आवाज कुठल्या बाजूनं आला ते ओळखणं थोडं कठीण जातं, त्यामुळे आरसे जास्त बघावे लागतात. फोम बारीक पट्टीचे आवाज जास्त कापतो, म्हणून हॉर्न जरा बोथट वाटतो, फिल्टरवाले रबरी प्लग घेतले तर हे कमी होतं. ज्याला आधीच बऱ्यापैकी कमी ऐकू येतं त्यानं कानाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नये. आणि शहरात, ३०-४० च्या स्पीडला, सिग्नलला, गल्लीत वारा फार नसतोच, तिथं प्लगचा फायदा कमी आणि तोटा जास्त. मी भोसरीतून निघताना घालत नाही, कात्रजचा बोगदा पार झाला की पहिल्या टपरीवर थांबतो, चहा घेतो आणि तिथं घालतो.

पोलिसांचं पटकन. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ ला जी दुरुस्ती झाली ती गाडी चालवताना हातात धरून फोनसारखी साधनं वापरण्याबद्दल आहे. इअरफोन घालून गाणी ऐकणं किंवा बोलणं वेगळं, त्यात लक्ष जातं, ते करूच नका. फोमच्या बोळ्यातून ना गाणं येतं ना फोन. मला एकदा खेड-शिवापूरला थांबवलं होतं, केशरी दोरी बघून हवालदारांना वाटलं हेडफोन, काढून हातात दिला, त्यांनी बघितला, परत दिला. तेव्हापासून बिनदोरीचे वापरतो.

राहिली बुरशी. यात थोडं तथ्य आहे आणि मेसेजमध्ये तेवढंच नीट लिहायला हवं होतं. ग्रीसच्या किंवा घामेजल्या हातांनी वळून घातलेला, पंधरा दिवस खिशात फिरलेला प्लग कानात घातला तर इन्फेक्शन होऊ शकतं, त्यातून पावसाळ्यात तर लवकर. कान वाहत असेल, दुखत असेल, पडद्याला भोक असेल तर घालायचाच नाही. मळ खूप असेल तर आधी डॉक्टरांकडून काढून घ्या, नाहीतर प्लगनं तो आत ढकलला जातो. फोमची जोडी इंडस्ट्रियल सेफ्टीच्या दुकानात दहा-वीस रुपयांना मिळते, कडक झाली किंवा काळी पडली की टाकून द्या. कापसाचा बोळा मात्र घालू नका, त्यानं आवाज फारसा कमी होत नाही आणि धागे आत राहतात ते वेगळंच.

घालायची पद्धत बहुतेकांची चुकते, आमच्याकडे नवीन पोरांना मीच शिकवतो. हात धुवायचे. प्लग बोटांत वळून विडीसारखा बारीक करायचा, सुरकुती पडू द्यायची नाही. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या कडेला धरून वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते, मग आत सरकवून बोटानं अर्धा मिनिट धरून ठेवायचा, तो हळूहळू फुगतो. नंतर दोन्ही तळवे कानांवर घट्ट ठेवून काढून बघायचं, आवाजात फार फरक पडला तर प्लग नीट बसलेला नाही. स्वतःचा आवाज माठात बोलल्यासारखा घुमला तर बसलाय. हेल्मेट चढवताना गालाच्या गाद्यांनी कान मुडपतो आणि प्लग बाहेर ओढला जातो, म्हणून पट्टे दोन्ही बाजूंना ताणून हेल्मेट घाला आणि घातल्यावर एकाच कानात वारा जास्त वाटला तर बाजूला थांबून परत बसवा. काढताना झटका नको, हळू पिळत काढायचा.

मामेभावाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो दर आठवड्याला इस्लामपूर-कोल्हापूर करतो. पुढच्या वेळी येशील तेव्हा दोन जोड्या आण म्हणाला, एक त्याच्या बायकोला, ती मागे बसते.